वॉरंट वाचून दाखवा

सेवाग्रामला येणारा माणूस बापू कुटी पाहतो, चरखा पाहतो, साप धरून लांब सोडण्यासाठी केलेला पिंजरा पाहून अचंबित होतो. कार्यालयात ठेवलेल्या टेलिफोनपाशी मात्र फारसं कोणी थांबत नाही. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून इंग्रज सरकारनं तो फोन तिथं बसवून दिला होता. ज्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजी १९३६ साली राहायला आले, तिथं धड रस्ता नव्हता, पण व्हाइसरॉयचा फोन पोचला.

सरकारला गांधीजींशी फोनवर बोलता येत होतं. अटक मात्र सरकारनं फोनवरून केली नाही. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईच्या बिर्ला हाऊसवर पोलीस आयुक्त स्वतः आले, लेखी हुकूम घेऊन आले आणि प्रार्थनेपुरता, आवराआवरीपुरता वेळ देऊन मग घेऊन गेले. त्याआधी मे १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहात, कराडीच्या झोपडीत मध्यरात्रीनंतर दंडाधिकारी पोलिसांची तुकडी घेऊन आला. गांधीजी त्याला म्हणाले, वॉरंट वाचून दाखवा. साम्राज्याच्या अधिकाऱ्यानं कागद वाचून दाखवला. अटक १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली होती, म्हणजे खटलाच न चालवता डांबून ठेवण्याची होती. कायदा जुलमीच होता, पण त्या जुलमालाही माणूस, कागद आणि साक्षीदार लागत होते.

मी देवळी तालुक्यातल्या एका गावाचा पोलीस पाटील होतो. वयाच्या नियमानं आता ते काम सुटलं आहे, तरी लोक कागद घेऊन दारात येतात. अलीकडे मोबाईल घेऊन येतात, कारण व्हिडिओवर खोटे पोलीस ‘अटक’ करून पैसे उकळू लागले आहेत. ‘पाटील, हे सीबीआयवाले म्हणून राह्यले, खरं असंन का?’ हा प्रश्न ज्यांना मला विचारावासा वाटतो ते वाचतात. ज्यांना कोणालाच विचारू दिलं जात नाही, ते बुडतात. म्हणून आपल्या जिल्ह्यात अटक कशी होत आली, ते मला नीट सांगायचं आहे.

नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा १८६२ साली झाला. आधी ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. मग १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर आखलं गेलं. भारतीय दंड संहिता अंमलात आली तीही १ जानेवारी १८६२ पासून. तिच्या १७० व्या कलमात, सरकारी नोकर नसताना तसं सोंग आणून काही करील त्याला शिक्षा लिहिलेली होती. पुढच्याच कलमात सरकारी नोकराचा पोशाख किंवा बिल्ला फसवण्यासाठी वापरणाऱ्याला शिक्षा होती. हा गुन्हा आपल्या जिल्ह्याच्याच वयाचा आहे. आज तीच कलमं भारतीय न्याय संहितेत २०४ आणि २०५ या आकड्यांनी आहेत.

तोतये त्याहून जुने. पानिपतावर १७६१ साली पडलेले सदाशिवरावभाऊ परत आले म्हणून एक माणूस उभा राहिला आणि पेशवाई हादरवून गेला. त्याला १७७६ मध्ये पुण्यात देहदंड झाला. आपल्या काळातलं उदाहरण १९ मार्च १९८७ चं. मुंबईच्या ऑपेरा हाऊसजवळच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर सीबीआयची धाड पडली. धाड टाकणारे तरुण वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून नोकरीसाठी आलेले होते, आणि आपण खरंच सरकारी कामावर आहोत असं त्यांना वाटत होतं. त्यांना नेमणारा ‘साहेब’ दागिने घेऊन निघून गेला, तो हाती लागलाच नाही. त्या धाडीतही तोतया समोर आला होता. त्याचा चेहरा पेढीतल्या सगळ्यांनी पाहिला होता.

आमच्या भागात इंग्रजी अमदानीत मालगुजारी होती. गावात मुकद्दम आणि त्याच्या हाताखाली कोतवाल. हा कोतवाल बहुतेक गावांत महार समाजाचा असे. गावातले जन्ममृत्यू ठाण्यात जाऊन सांगायचे, रात्री गस्त घालायची, दवंडी द्यायची, ठाण्यातून शिपाई आला तर त्याला घर दाखवायचं. पायपीट त्याच्या वाट्याला आणि मान दुसऱ्याच्या, हे अन्यायाचंच होतं. पण त्या व्यवस्थेत सरकारचा कागद गावात शिरला की तो आधी गावच्या माणसाच्या डोळ्यांखालून जाई. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात आलो, आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं पोलीस पाटील नेमले जाऊ लागले. सरकारचा कागद गावाच्या डोळ्यांखालून नेण्याचं तेच काम मीही केलं. समन्स घेऊन जमादार आला की आधी माझ्याकडे यायचा. मी सोबत जायचो. त्या घरचा माणूस मला विचारायचा, ‘पाटील, काय लिवलं आहे यात?’ मी वाचून दाखवायचो.

वर्धा जिल्ह्यात जवळजवळ अर्धं शतक दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय, पण तिच्यामुळे धाड कशी असते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गाडी येते, पंच बोलावले जातात, डबे मोजले जातात, मुद्देमालाची यादी होते, पंचनाम्यावर सह्या घेतल्या जातात. पंच म्हणून सही करायला कोणी तयार नसतं, त्यासाठी जमादार अर्धा गाव फिरतो. शेजारीपाजारी दारात उभे असतात. पोरं झाडावर चढून बघतात. ही धाड बघत मोठा झालेला माणूस कडी लावलेल्या खोलीत, मोबाईलच्या पडद्यावर झालेली ‘अटक’ खरी मानतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल याचा मी खूप विचार केला आहे.

आणि अटकेला न भिणारा जिल्हा कोणता, तर हाच. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्या सत्याग्रहाची रीत अशी की कुठे आणि केव्हा बोलणार हे जिल्हाधिकाऱ्याला आधीच लेखी कळवायचं. लपवायचं काहीच नाही. २१ ऑक्टोबरला विनोबांना पकडलं ते आमच्या देवळीला. तीन महिन्यांची शिक्षा झाली. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं ही अटक एखाद्या लग्नाची गोष्ट सांगावी तशी सांगत, कारण ती सगळ्यांची होती.

तरीही पोलिसांची भीती इथं आहे, आणि ती उगाच नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. आष्टीच्या ठाण्यावर तिरंगा लावायला लोक गेले. गोळीबार झाला, गावकरी पडले, चवताळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला तसंच घडलं. मग लष्कर आलं, घरं धुंडाळली गेली, माणसं उचलली गेली, चिमूरच्या बायकांवर अत्याचार झाले. सरकारनं त्या बातम्या छापू दिल्या नाहीत. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी चौकशीच्या मागणीसाठी अन्नत्याग करून बसले, ६३ दिवस बसले, तर त्या उपोषणाची बातमीही दाबली गेली. वर्दी काय करू शकते आणि दार बंद करून काय करू शकते, हे वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला आजीकडून कळलेलं असतं. फोनवरचा भामटा ही भीती निर्माण करत नाही, ती आयती वापरतो. म्हणूनच फसलेल्या माणसाला ‘एवढं कसं कळलं नाही’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

स्वातंत्र्यानंतर आपण ते दार कायद्यानं उघडं करून घेतलं आहे. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आहे की अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे, वकिलाला भेटू दिलंच पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलंच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सांगितलं की अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी, अटकेचा कागद तिथल्या तिथं करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची, आणि नातेवाइकाला कळवायचं. मोहल्ल्यातला माणूस म्हणून मी अशा कागदांवर सह्या केल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही. ठाण्यातून खरा फोनही येतो, मी नाही म्हणत नाही. ‘जबाब द्यायचा आहे, उद्या या’ एवढंच त्यात असतं. ‘घरातून हलू नका, कॅमेरा बंद करू नका, बायकोला सांगू नका’ हे त्यात नसतं. कोणत्या खात्यात पैसे टाका हे तर नसतंच.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींचं सांगतो. नाव देत नाही. सकाळी त्यांना फोन आला की तुमच्या आधारवर मुंबईत सिमकार्ड निघालं आहे आणि त्यावरून काळ्या पैशाचा व्यवहार झाला आहे. मग व्हिडिओवर खाकीतला माणूस आला. मागे भिंतीवर अशोकस्तंभ, टेबलावर झेंडा. पाठोपाठ गुरुजींचं पूर्ण नाव घातलेला, शिक्का मारलेला हुकूम मोबाईलवर आला. गुरुजींनी कडी लावली. दुपारी काकू माझ्याकडे आल्या. ‘पाटील, जरा घरी येता का? सकाळपासून यायनं दार लावून घेतलं. जेवले बी नाहीत.’ मी खिडकीशी गेलो तर गुरुजी हातानं खुणावत होते, जा, जा. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, ‘तुम्ही जा पाटील, तुमच्यावर बी येईल.’ त्यांना माझी काळजी होती. त्या अवस्थेतही.

मी खिडकीतूनच मोठ्यानं म्हणालो, ‘गुरुजी, त्यांना म्हणा मी स्वतः हजर होतो. कोणत्या ठाण्यात येऊ, विचारा. पोलीस पाटील सोबत येतो म्हणा.’ त्यांनी विचारलं. इतका वेळ मराठी-हिंदीत कायदा सांगणारा तो साहेब एकदम शिव्यांवर आला. गुरुजींनी आयुष्यभर कोणाची शिवी ऐकून घेतली नव्हती. त्यांनी फोन ठेवला आणि दार उघडलं. तोवर मुलीच्या नावानं ठेवलेल्या मुदत ठेवीतला एक भाग गेला होता.

या भामट्यांचं सगळं बळ त्या कडीत आहे. वर्दी भाड्यानं मिळते, शिक्का संगणकावर उठतो, नावगाव कुठूनतरी फुटलेलं असतं. पण पाच मिनिटं शेजारी येऊन बसला तर हा डाव टिकत नाही. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यासारखा उद्योगपतीही २०२४ मध्ये सात कोटी गमावून बसला. त्यांच्यापुढे तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली होती, खोट्या सरन्यायाधीशांसकट. केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात अशा आणि त्याच जातीच्या फसवणुकीच्या सव्वा लाखाच्या आसपास तक्रारी झाल्या आणि १,९३५ कोटी रुपये गेले. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी असा एक फोन लोकांना ऐकवून सांगितलं की अशी अटक कायद्यात नाही. पलीकडून बोलणाऱ्यांपैकी पुष्कळजण कंबोडिया, म्यानमार, लाओस इथल्या कुंपणाआडच्या इमारतींत बसलेले असतात, आणि त्यांतली काही आपल्याच देशातली, नोकरीच्या आमिषानं नेऊन कोंडलेली पोरं असतात. त्यांचं दुःख मोठं आहे, पण त्यानं गुरुजींची ठेव परत येत नाही.

कापसाचे आणि सोयाबीनचे चुकारे हंगामात खात्यात जमा होतात. निवृत्तीचे पैसे असलेली, मुलं पुण्या-हैदराबादला असलेली, मोठ्या घरात दोघंच राहणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या घरी दिवसातून एकदा चक्कर मारा. दार अवेळी लागलेलं दिसलं, फोन हातातून सुटत नाही असं दिसलं, तर आत जा आणि फोन आपल्या हातात घ्या. तोवर पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० हा नंबर लावा. रात्र असली तरी लावा, कारण भामट्याच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत बँकेला ती अडवता येते, नंतर अवघड जातं. मग बँकेला कळवा आणि ठाण्यात फिर्याद द्या. मोबाईलवर आलेले हुकूम, नंबर, पैसे पाठवल्याच्या पावत्या यांतलं काही पुसू नका, संतापात तर मुळीच नाही. गुरुजींनी तो शिक्क्याचा हुकूम रागानं पुसायला घेतला होता, मी त्यांचा हात धरला. ठाण्यात तोच कागद सगळ्यात आधी मागितला.