आहेराची वही

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेराची एक जुनी वही आहे. पहिल्या पानावर 'श्री', खाली साल १९७३. अक्षर माझं. तेव्हा मी सातवीत होतो आणि घरात लिहिता येणारा मी एकटाच.

तो दुष्काळाचा उन्हाळा. आमच्या माणदेशात एरवीही पाऊस बेताचाच, पण बहात्तर साली त्यानं पाठच फिरवली. विहिरी तळाला गेल्या. गाव सरकारी दुष्काळी कामावर. कुठं पाझर तलाव, कुठं बंडिंग, कुठं रस्त्याची खडी. रेशनवर लाल मिलो आणि कामावर सुकडी, यावर माणसं जगली.

अशात थोरल्या आक्काचं लग्न ठरलेलं. अण्णा म्हणाले, औंदा राहू द्या. तर भावकीतले एक म्हातारबा मांडी ठोकून बसले. म्हणाले, "पोरगी काय एकट्या तुझीच हाय व्हय? धर तिथी."

मग लग्न गावानं उचललं. मांडवाला कुणी मेढी दिल्या, कुणी डहाळे. दळणं घरोघर वाटून दिली. पोरांनी पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचल्या. दोन कोसांवरनं बैलगाडीत टिपाडं भरून पाणी आणलं. शाळेला सुट्टी होती, तिथं वऱ्हाडाचा जानवसा. जेवणात गुळाची लापशी आणि आमटी, एवढंच.

मांडवाच्या कडेला पोत्यावर बसून मी आहेर लिहीत होतो. अमक्याचा सव्वा रुपया, तमक्याची पायलीभर ज्वारी, मामाकडनं लुगडं. आहेर म्हणजे फुकटचं देणं नव्हे. त्यांच्या घरी कार्य निघालं, की वही काढायची आणि तेवढं, जमलं तर थोडं चढतं, परत करायचं. कुणाजवळच एकदम पैसा नसायचा, म्हणून सगळ्यांचा थोडा थोडा एकाच्या दारी गोळा व्हायचा. गावात बँक नव्हती. ही वहीच बँक.

पण त्या वहीत एक नाव नाही.

आईच्या टोळीत खडी फोडायला वेशीबाहेरच्या वस्तीतली एक बाई होती. लग्नाआधीचे तीन दिवस आई कामावर गेली नाही. त्या बाईनं आपली खडी फोडून वर आईच्या वाटणीची फोडली आणि माप आईच्या नावावर टाकायला लावलं. त्या पगारातनं लापशीचा गूळ आला. लग्नादिवशी ती पोरांना घेऊन आली. मांडवात तिला जागा नव्हती. तिची पंगत उशिरा, बाहेर लिंबाखाली. गावाची एकी म्हणतात ती तेवढ्याच अंतरापर्यंत होती. आणि मीही तिचं नाव लिहिलं नाही. कुणी सांगितलं नाही म्हणून, आणि घाम मांडायला वहीत रकाना नव्हता म्हणून.

दोन-तीन वर्षांनी तिच्या लेकीचं लग्न निघालं. अण्णांनी रिवाजाप्रमाणं मला वही काढायला लावली. मी पानं उलटली आणि म्हणालो, "आपल्याकडं त्यांचं काय न्हाय."

आई चुलीपुढं होती. काही बोलली नाही. उठली, कणगीतली दोन पायल्या ज्वारी पाटीत भरली, वर खण ठेवला आणि पाटी डोक्यावर घेऊन भर दुपारी वेशीबाहेर गेली. तिथं तीन दिवस राहून तिनं भाकरी थापल्या. भावकीत कुरकुर झाली. आईला अक्षर येत नव्हतं, पण तिची वही पक्की होती.

आता तालुक्याच्या कार्यालयात लग्नं होतात. वाढपी भाड्याचे, पंगतीच्या जागी बुफे. एका अर्थी बरं झालं. आता कुणाला लिंबाखाली बसावं लागत नाही. पण तीन दिवस दुसऱ्याची खडी फोडणारंही कुणी दिसत नाही.

गेल्या दिवाळीत पेटी साफ करताना वही हाती लागली. शेवटचं पान कोरं होतं. त्यावर त्या बाईचं नाव लिहिलं. पुढं लिहिलं, तीन दिवसांची खडी. फेड : आईनं केली. माझी बाकी.