‘मरी’ या शब्दाचा निर्णय आणि यवतमाळकडील कागद

जुन्या कागदांत ‘मरी’ किंवा ‘महामारी’ हा शब्द आढळला म्हणजे कित्येक संशोधक ‘प्लेग’ असें टिपून पुढें जातात. आम्हींहि पूर्वीं तसें केलें आहे. परंतु मरीआई ही पटकीचीहि देवता. तेव्हां केवळ शब्दावरून रोग ठरविणें धाडसाचें होय. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं व सुरतेस सांथ उद्भवली, तेव्हां प्रयोगशाळा हाताशीं असतांहि हा प्लेगच काय, असा वाद माजला होता!

मध्य आशियांतील एक शोध येथें उपयोगी पडेल. किरगिझस्तानांत इस्सिक-कुल सरोवराच्या बाजूस नेस्तोरी ख्रिस्ती लोकांचीं जुनीं कबरस्तानें आहेत. तेथील सिरियाक लेखांच्या दगडांत १३३८ व १३३९ या सालांचे दगड इतर सालांच्या मानानें फारच अधिक असून, कांहींवर मृत्यूचें कारण म्हणून ‘सांथ’ या अर्थाचा शब्द कोरलेला आहे. सांथ कोणती, हें दगड सांगत नाहीं. १८८५ ते १८९२ या काळांत तेथें उत्खनन झालें होतें; त्यांत निघालेल्या सात सांगाड्यांचे दांत अलीकडे तपासले, तों तिघांत प्लेगचा जंतु सांपडला. हा शोध २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. उत्खननकारांनीं टिपणें जपलीं होतीं, म्हणूनच दगड आणि दांत यांचा मेळ बसला.

आज आढळणाऱ्या प्लेगजंतूच्या पुष्कळशा शाखा या खोडापासून फुटल्या आहेत, असें तज्ज्ञ म्हणतात. लंडन येथील १३४८-५० च्या दफनभूमींतील जंतूची घडण २०११ सालीं प्रसिद्ध झाली, तीहि आजच्या जंतूहून फारशी निराळी नाहीं. जंतु जवळजवळ तोच, संहार मात्र निरनिराळा! याचें कारण उंदीर, पिसवा, घरें व धान्याचीं कोठारें यांत शोधावें लागतें, आणि तें दांत सांगत नाहींत.

यवतमाळकडे बहुतेक समाजांत दहनाची चाल. दफनें आहेत तेथेंहि कोणाच्या पूर्वजांच्या कबरी उकराव्या, असें आम्ही सुचवीत नाहीं. राहिला कागद. १८९६ सालीं मुंबईस मांडवींत प्लेग उघडकीस आला, व पुढें देशांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. त्या वर्षांचे कागद पाहणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें कीं, १९०५ पूर्वीं ‘यवतमाळ जिल्हा’ हें नांवच नव्हतें. तो वूण जिल्हा होता, आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यांत मोडत असे. १९०३ पर्यंत वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता. तेव्हां वरिष्ठ पत्रव्यवहारासाठीं प्रथम नागपुरास धांव घेणें व्यर्थ.

परंतु खरी साक्ष गांवांतच मिळावयाची. कोतवाल-बुकांतील मृत्यूच्या नोंदी, पाटलाचें दप्तर, सावकाराच्या वह्या यांत ‘उंदीर पडले’, ‘जांघेंत गांठ’, ‘गांव सोडून रानांत झोंपड्या घातल्या’ अशा अर्थाची एखादी ओळ असली, तर ती दहा ‘मरीं’हून मोलाची. जहांगीर बादशहाच्या आठवणींत आग्र्याच्या सांथीचें वर्णन आहे, त्यांत झिंगणारा उंदीर, त्याला धरणारी मांजर व दासीच्या अंगावरील गांठ हीं सर्व आलीं आहेत, म्हणूनच तेथें शंकेस जागा राहत नाहीं. आमचे संग्राहक मात्र सनदा व निवाडपत्रें रुमालांत जपतात आणि वाण्याची वही रद्दींत घालितात.

अशी ओळ सांपडल्यास गांव, मिति व मागचापुढचा मजकूर यांसह ती जशीच्या तशी उतरून ठेवावी. मुळांत ‘मरी’ असेल तर ‘मरी’च लिहावें, कंसांत ‘प्लेग’ घालूं नये.