डान्स सिंगलची कुळकथा

८ डिसेंबर १९९९ रोजी आयुमी हामासाकी या जपानी गायिकेचं ‘कनारिया’ हे सिंगल बाजारात आलं. प्रती काढल्या फक्त ३ लाख. मूळ गाणं महिन्यापूर्वीच्या अल्बममध्ये होतंच. सिंगलवर भर होता तो रीमिक्सवर, म्हणजे त्याच गाण्याच्या नाचासाठी नव्यानं बांधलेल्या रूपांवर. त्यांतलं एक न्यूयॉर्कचे डीजे जोनाथन पीटर्स यांचं. या सिंगलचं कूळ शोधत गेलं, की आपण न्यूयॉर्कलाच पोचतो.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिंगल म्हणजे सात इंची तबकडी आणि तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर टॉम मोल्टन या रीमिक्सकारानं पाहिलं, की माणसं नाचात रंगतात तोवर गाणं संपतं आणि ती फ्लोअर सोडून जातात. मग त्यांनी गाणी लांबवायला घेतली. मधल्या भागात फक्त ताल ठेवायचा, एकेक वाद्य पुन्हा आत आणायचं, ही त्यांची रीत. १९७४च्या सुमारास अशा एका गाण्याची चाचणी-तबकडी कापायची होती, पण ध्वनितंत्रज्ञ होजे रॉड्रिग्ज यांच्याकडच्या सात इंची कोऱ्या चकत्या संपलेल्या. त्यांनी दहा इंची घेतली, खाचा ऐसपैस पसरल्या आणि आवाजाची पातळी वाढवली. वाजवल्यावर दोघंही थक्क झाले. खाचांना जागा मिळाली की खर्ज मोकळेपणानं उमटतो. पुढची पायरी बारा इंचांची.

सुरुवातीला या तबकड्या मोजक्या डीजेंनाच मिळत. त्या थोड्या असत, कारण त्यांचं काम तेवढंच होतं. १९७६मध्ये सालसोल कंपनीनं डबल एक्सपोजर या चमूचं ‘टेन पर्सेंट’ बारा इंचांत दुकानातून विकलं. डीजे वॉल्टर गिबन्स यांनी ते नऊ मिनिटांवर नेलं होतं. डान्स सिंगल आता कुणालाही घेता येऊ लागलं.

जपानमध्ये या घराण्याची शाखा रुजली ती आयातीतून. १९८८मध्ये टोकियोतल्या माचिदा भागात एवेक्स कंपनी निघाली, परदेशी तबकड्यांची घाऊक विक्री करायला. इटलीत तयार होणारं युरोबीट हे नाचाचं संगीत जपानी डिस्कोत जोरात चालत होतं. १९९०मध्ये एवेक्सनं ‘सुपर युरोबीट’ ही मालिका काढली. १९९५च्या जानेवारीत ओकिनावाच्या नामिए आमुरो या गायिकेनं एक इटालियन युरोबीट गाणं जपानीत गायलं, ‘ट्राय मी’, आणि डिस्कोतला ठेका घरोघरी गेला. हामासाकी याच एवेक्सची गायिका.

‘कनारिया’सारख्या मर्यादित आवृत्तीला जपानी कायद्याचंही बळ आहे. १९५३पासून तिथं पुस्तकांप्रमाणे तबकड्यांचीही किरकोळ किंमत प्रकाशकाला बांधून देता येते. दुकानदाराला सूट देता येत नसेल, तर गिऱ्हाइकाला ओढायचं कसं? वेगळं वेष्टन, जादा गाणं, मोजक्या प्रती. न्यूयॉर्कमध्ये कामापुरता असलेला तुटवडा इथं मुद्दाम आखला गेला.

म्हणून अशा सिंगलची किंमत प्रतींच्या संख्येवरून ठरवू नये. गायिका थांबते आणि नुसता ताल उरतो, त्या मिनिटांत नाचणारा फ्लोअरवर टिकला तरच ते खरं डान्स सिंगल. मोल्टन यांनी घालून दिलेली ही कसोटी आजही तितकीच खरी आहे.