एका पानाच्या दोन प्रती

पेढीवर रोजकीर्द आधी आणि खतावणी मागाहून, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. संगणकातील डेटाबेस, म्हणजे नोंदींचा संग्रह राखणारी आज्ञावली, हाच क्रम पाळतो. प्रत्येक बदल प्रथम त्याच्या रोजकीर्दीत उतरतो, मग मूळ पानावर जातो. मध्येच वीज गेली तर रोजकीर्दीवरून हिशेब पुन्हा उभा करता येतो. परंतु डिस्कवर प्रत्यक्ष लिहिण्याचे काम कर्नेलकडे, म्हणजे यंत्राची सर्व साधने वाटून देणाऱ्या कारभाऱ्याकडे असते. या दोघांमधील वाद चाळीस वर्षांहून जुना आहे.

कर्नेलच्या अधिकाराचे मूळ त्याहूनही मागे जाते. मँचेस्टर येथील ॲटलस यंत्रात १९६२ साली टॉम किल्बर्न व त्यांचे सहकारी यांनी वेगवान पण तोकडी स्मृती आणि मंद पण मोठा चुंबकीय ड्रम यांची अशी सांगड घातली की, वापरणाऱ्यास दोन्ही एकच भासावीत. कोणते पान जवळ ठेवावे हे यंत्रच ठरवू लागले. पुढे युनिक्सने डिस्कवरील पाने स्वतःच्या स्मृतीत राखण्याचा प्रघात पाडला.

बर्कली येथे युनिक्सवर इंग्रेस हा डेटाबेस उभारणाऱ्यांपैकी मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ साली या प्रघाताविरुद्ध जाहीर तक्रार मांडली. कर्नेल नुकतेच वाचलेले पान जपतो आणि जुने टाकतो. पण मोठा तक्ता ओळीने वाचताना नुकतेच वाचलेले पानच पुन्हा लागत नाही! शिवाय प्रत्येक पानाची नक्कल करण्याचा खर्च वेगळा. आणि सर्वांत गंभीर गोष्ट ही की, रोजकीर्द आधी डिस्कवर गेली पाहिजे, हे कर्नेलला ठाऊकच नसते. म्हणून डेटाबेसांनी आपली निराळी स्मृती राखली, आणि एकच पान दोन ठिकाणी जागा अडवू लागले. काहींनी कर्नेलची स्मृती टाळून थेट डिस्क गाठली. पोस्टग्रेसने मात्र कर्नेलवर भिस्त कायम ठेवली. यंत्राच्या स्मृतीचा सुमारे चतुर्थांश आपल्याकडे घ्यावा, असाच त्याचा प्राथमिक सल्ला आहे.

या भिस्तीची खरी परीक्षा २०१८ साली झाली. ‘एफसिंक’ या आज्ञेने डेटाबेस कर्नेलला विचारतो, पाने डिस्कवर पोहोचली काय? लिनक्समध्ये लेखन फसले तर कर्नेल एकदा तसे कळवी, पण ते पान निकालात काढी. पोस्टग्रेस पुन्हा विचारी, तेव्हा शिल्लक काहीच नसल्याने उत्तर येई, ‘सर्व ठीक’. त्या शब्दावर विसंबून तो जुनी रोजकीर्द मोडीत काढी. म्हणजे पान गेले आणि ते भरून काढण्याचे साधनही गेले. ती नोंद कोणाच्या खात्यातील रकमेचीही असू शकते.

कर्नेलकारांचे म्हणणेही निराधार नव्हते. उपटून काढलेल्या डिस्कची पाने कायम सांभाळीत बसल्यास स्मृतीच तुंबेल. तरी फसलेल्या लेखनानंतर ‘ठीक’ म्हणणे, हे माझ्या मते कारभाऱ्यास शोभणारे नव्हे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने आपली रीत बदलली. एफसिंक एकदा फसले की दुसऱ्यांदा विचारायचे नाही. तत्काळ काम थांबवायचे आणि रोजकीर्दीवरून सर्व पाने पुन्हा लिहून काढायची.