सौम्य बोधात्मक ऱ्हास आणि व्यायामाची खर्च-परिणामकारकता

सौम्य बोधात्मक ऱ्हास म्हणजे स्मरण व आकलन वयाच्या मानाने अधिक घटलेले असूनही दैनंदिन व्यवहारांत स्वावलंबन टिकून असण्याची अवस्था होय. हा स्मृतिभ्रंश नव्हे. मात्र पुढे तो उद्भवण्याचा धोका अधिक असतो. अशा ज्येष्ठांच्या व्यायामावरील खर्च व त्यातून होणारा आरोग्यलाभ यांच्या तुलनेस व्यायामाची खर्च-परिणामकारकता म्हणतात.

अभ्यास

व्हँकुव्हर (कॅनडा) येथे या अवस्थेतील ७० ते ८० वर्षे वयाच्या ८६ स्त्रियांवर सहा महिने चाचणी झाली. तिचे आर्थिक मूल्यमापन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तोल व लवचीकतेच्या व्यायामांपेक्षा वजनाचे व चालण्याचे व्यायाम करणाऱ्या गटांचा आरोग्यसेवेवरील खर्च कमी आढळला. इंग्लंडमधील ‘डापा’ चाचणीत (२०१८) सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्यांची शारीरिक क्षमता वाढली, पण ऱ्हास मंदावला नाही. तो कार्यक्रम किफायतशीर ठरला नाही. दोन्हींतील रुग्णांची अवस्था भिन्न असल्याने थेट तुलना करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सौम्य ऱ्हासात व्यायामाची सशर्त शिफारस केली.

ग्रामीण संदर्भ

बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गावातून तेथे येण्याचे भाडे व सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज हाही उपचाराचा खर्चच होय. चालण्यास पैसे लागत नाहीत; परंतु ऊसतोडीच्या हंगामात तरुण स्थलांतर करतात, तेव्हा मागे राहिलेल्या ज्येष्ठांना सोबत कोणाची, हा प्रश्न उरतो. म्हणून अशा भागातील हिशेबात सोबत्याच्या वेळेचे मूल्यही धरावे लागते.