पत्र, फाइल आणि आज्ञा : एमएच संदेशप्रणालीचा ऐतिहासिक विचार

संगणकावरील पत्रव्यवहाराचा इतिहास सांगताना एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र प्रथम केव्हा गेले, या प्रश्नावर बहुधा भर दिला जातो. आलेले पत्र कोठे व कोणत्या रूपात ठेवावयाचे, हा प्रश्न त्या मानाने मागे पडतो. वस्तुतः पत्रधारकाचा आपल्या पत्रांवर किती अधिकार चालतो, हे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. अमेरिकेतील सांता मोनिका येथील रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेत १९७७ ते १९७९ या काळात आकारास आलेली ‘एमएच’ ही संदेशप्रणाली या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. एकाच मोठ्या प्रोग्रॅमऐवजी अनेक लहान आज्ञांनी पत्रव्यवहार चालविण्याचा तो प्रयत्न होता. तथापि त्याचे खरे वैशिष्ट्य आज्ञांच्या लहानपणात नसून पत्रे ठेवण्याच्या रीतीत होते, असे दाखवून देता येते.

या प्रयत्नाची पूर्वपीठिका थोडक्यात पाहिली पाहिजे. १९६५ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सीटीएसएस या सामायिक संगणकप्रणालीवर टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी ‘मेल’ ही आज्ञा लिहिली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवरील दोन यंत्रांमध्ये पत्र पाठविण्याची सोय केली. या दोन्ही ठिकाणी पत्रपेटी म्हणजे प्रत्येक व्यक्तीची एकच फाइल असे व नवे पत्र तिच्यात भर म्हणून घातले जाई. पत्रे वाढू लागताच या रीतीतील अडचण जाणवू लागली. तेव्हा १९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी पत्रांची यादी करणारा व हवे तेच पत्र दाखविणारा ‘आरडी’ हा प्रोग्रॅम लिहिला. १९७५ मध्ये जॉन व्हिट्टल यांच्या ‘एमएसजी’ने आलेल्या पत्रास थेट उत्तर देण्याची आज्ञा रूढ केली. प्रत्येक नव्या सोयीबरोबर प्रोग्रॅम मोठा होत गेला, आणि पत्रे मात्र त्या एका फाइलीतच राहिली.

याच सुमारास बेल प्रयोगशाळेत निराळी विचारसरणी रुजत होती. युनिक्स प्रणालीत १९७३ मध्ये ‘पाइप’ची सोय झाली. तिच्यामुळे एका प्रोग्रॅमचे फलित दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती सरळ देता येऊ लागले. या कल्पनेचा पुरस्कार डग मॅकिलरॉय यांनी १९६४ पासून चालविला होता. प्रत्येक प्रोग्रॅमने एकच काम नीट करावे आणि त्याचे फलित दुसऱ्या प्रोग्रॅमला घेता यावे, हे तत्त्व त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये शब्दबद्ध केले.

रँडमध्ये या दोन परंपरांची गाठ पडली. तेथे युनिक्सवर ‘एमएस’ नावाची संदेशप्रणाली तयार होत होती. १९७७ मध्ये डेव्हिड क्रॉकर यांनी तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. तिच्यात पत्रव्यवहाराची सर्व कामे एकाच प्रोग्रॅमच्या पोटात होती. स्टॉकटन गेन्स आणि नॉर्मन शापिरो यांनी त्याच वर्षी याहून वेगळी दिशा सुचविली. युनिक्सजवळ फाइली आहेत, निर्देशिका आहेत आणि आज्ञा स्वीकारणारे ‘शेल’ही आहे, मग पत्रांसाठी या सर्वांची दुसरी आवृत्ती एका प्रोग्रॅमच्या आत कशासाठी उभारावयाची, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ही कल्पना ब्रूस बॉर्डेन यांनी प्रत्यक्षात आणली आणि १९७९ मध्ये तिघांच्या नावे एमएचची पुस्तिका प्रसिद्ध झाली.

एमएचमध्ये प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाइल असते. तिचे नाव म्हणजे केवळ एक क्रमांक, आणि ‘फोल्डर’ म्हणजे साधी निर्देशिका. ‘इंक’ ही आज्ञा टपालपेटीतील नवी पत्रे आत आणते, ‘स्कॅन’ प्रत्येक पत्राची एका ओळीत नोंद देते, ‘शो’ पत्र दाखविते, ‘रेपल’ उत्तराचा मसुदा तयार करते, ‘रीफाइल’ पत्र दुसऱ्या फोल्डरात हलविते. ‘पिक’ ही आज्ञा दिलेल्या अटीत बसणाऱ्या पत्रांचे क्रमांक शोधते. ते क्रमांक स्कॅनला दिले की यादी होते आणि रीफाइलला दिले की वर्गवारी होते. या आज्ञांच्या कर्त्यांना ज्यांची कल्पनाही नव्हती अशी कामे युनिक्समधील इतर साधनांनी याच पत्रांवर करता येत. पत्रांत एखादा शब्द शोधण्यास ‘ग्रेप’ पुरे होई. पत्र उघडण्यास कोणताही मजकूर-संपादक चाले.

हीच साधने एका सलग फाइलीवर चालविली असती तर काय झाले असते, हे पाहिले म्हणजे या निर्णयाचे महत्त्व कळते. युनिक्सच्या रूढ पत्रपेटीत ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी ओळ नव्या पत्राचा आरंभ मानली जाई. पत्राच्या मजकुरातच अशी ओळ आली तर तिच्या आधी एक चिन्ह घालून ती बदलावी लागे. म्हणजे पत्रांची सीमा ओळखण्यासाठी पत्रलेखकाच्या शब्दांत ढवळाढवळ होई, आणि ही सीमा जाणणाऱ्या प्रोग्रॅमवाचून पत्रे सुटी करता येत नसत. एमएचने ही सीमा फाइलव्यवस्थेकडे सोपविली. साधनांची जुळणी शक्य झाली ती यामुळे.

या रीतीची किंमतही होती. एक काम करून आज्ञा संपली की ‘आपण कोणते पत्र वाचत होतो’ ही स्मृतीही तिच्याबरोबर जाते. म्हणून चालू फोल्डर व चालू पत्र यांची नोंद एमएचला लहान फाइलींत ठेवावी लागली. तत्कालीन युनिक्समध्ये फाइलीस किमान ५१२ बाइटांचा एक खंड लागे. त्यामुळे दोन ओळींचे पत्रही तेवढी जागा अडवी. शिवाय एकाच वेळी दोन प्रोग्रॅम फोल्डरात पत्रे घालू लागले तर क्रमांकांचा घोळ होण्याचा संभव असे. या शेवटच्या अडचणीवर डॅनिएल बर्नस्टाइन यांनी १९९५च्या सुमारास ‘मेलडिर’ ही रचना काढली. तिच्यात पत्र स्वतंत्र फाइलच राहिले. मात्र क्रमांकाऐवजी प्रत्येकास अनन्य नाव मिळाले.

अधिक मूलगामी आव्हान पत्राच्या स्वरूपातूनच आले. १९८२च्या टपाल-संकेतानुसार पत्रातील प्रत्येक अक्षर सात बिटांत बसावे लागे. १९९२ मध्ये आलेल्या ‘माइम’ या संकेताने चित्रे, जोडपत्रे व इंग्रजीखेरीज इतर लिप्या पाठविण्याची सोय केली. परंतु त्यासाठी मजकूर सांकेतिक रूपात बांधावा लागला. मराठी पत्रव्यवहारावर याचा परिणाम सरळ दिसतो. ‘पत्र’ या शब्दात युनिकोडची ४ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे १२ बाइट होतात. ‘कोटेड-प्रिंटेबल’ या बांधणीत त्यांची ३६ अक्षरे होतात, तर ‘बेस-६४’ मध्ये १६. आणि दोहोंपैकी कोणत्याही रूपात मूळ शब्द दिसत नाही. अशा रीतीने बांधलेल्या पत्राच्या फाइलीत ग्रेपने ‘पत्र’ शोधू गेल्यास काहीच हाती लागत नाही. फाइल उघडी असूनही मजकूर झाकलेला, अशी ही स्थिती होय.

एमएचच्या परंपरेने यास दिलेले उत्तर तिच्या स्वभावास धरून होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत मार्शल रोझ, जॉन रोमाइन प्रभृतींनी ही प्रणाली सांभाळली होती. तेथे माइमसाठी ‘एमएचएन’ हे साधन जोडण्यात आले. पुढे १९९७च्या सुमारास रिचर्ड कोलमन यांनी सुरू केलेल्या ‘एनएमएच’मध्ये त्याचेही विभाजन झाले आणि पत्राचे भाग दाखविणे, साठविणे व रचणे यांसाठी वेगवेगळ्या आज्ञा आल्या. २०१० नंतरच्या दशकात लेआ नॉयकिर्शेन यांनी लिहिलेल्या ‘एमब्लेझ’ने मेलडिर रचनेवर हीच पद्धती पुन्हा उभी केली. प्रथम उकलणारी आज्ञा आणि तिच्यापुढे शोधणारी आज्ञा, अशी साखळी जोडली की मराठी शब्दही सापडतो.

बहुसंख्य लोकांनी ही वाट धरली नाही, हे मान्य केले पाहिजे. १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड येथे रचलेल्या ‘आयमॅप’ने पत्रे दूरच्या यंत्रावरच ठेवून वाचण्याची सोय केली. अनेक यंत्रांवरून पत्रे वाचणाऱ्यास ती खरोखरच उपकारक होती. अशा व्यवस्थेत पत्रांपर्यंत जाण्याचा मार्ग सेवाचालक ठरवितो, आणि जे काम त्याने योजिले नाही ते करण्यासाठी पत्रे आधी स्वतःच्या यंत्रावर उतरवून घ्यावी लागतात.

सारांश, लहान साधनांची जुळणी हा केवळ प्रोग्रॅमरचाणाक्षपणाचा भाग नव्हे; साधनांच्या हाती जी वस्तू द्यावयाची ती उघडी व स्वतंत्र असणे, ही तिची पूर्वअट आहे. एमएचच्या आज्ञा थोड्यांनीच वापरल्या. परंतु तिच्या रीतीने साध्या मजकुरात ठेवलेले पत्र वाचण्यास आज एमएचचीही गरज पडत नाही. साधनाच्या आयुष्याशी पत्राचे आयुष्य बांधले न जाणे, हीच गेन्स, शापिरो आणि बॉर्डेन यांच्या निर्णयाची खरी फलश्रुती म्हणावी लागेल.