पोलंडमधील संगणकीय खेळांच्या नकला

संगणकीय खेळांच्या अनधिकृत नकला हे केवळ लोभाचे फळ होय, असे मानण्याचा प्रघात आहे. पोलंडचा इतिहास पाहता हे मत अपुरे ठरते. १९८० नंतरच्या दशकात तेथे घरगुती संगणक आले ते बहुधा परदेशस्थ आप्तांकडून, अथवा परकीय चलनात व्यवहार करणाऱ्या ‘पेव्हेक्स’ या सरकारी दुकानांतून. परंतु खेळांची अधिकृत पेठ जवळजवळ नव्हतीच, आणि आज्ञावलींना कायद्याचे स्पष्ट संरक्षणही नव्हते. म्हणून वॉर्सा येथील ग्झिबोव्स्का रस्त्यावरील बाजारात नकला उघडपणे विकल्या जात. तेथे नक्कल हेच वितरण होते. मूळ रचनाकारांस मात्र त्यातून कपर्दिकही मिळत नसे.

१९९४ च्या स्वामित्वहक्क कायद्याने हे संरक्षण दिले. तथापि केवळ त्याने जुनी सवय मोडली नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘सीडी प्रोजेक्ट’ या संस्थेने १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ पोलिश भाषेत, नामवंत नटांच्या आवाजांसह, नियमपुस्तिका, नकाशा व संगीताची तबकडी जोडून विक्रीस आणला, आणि नकला सुलभ असतानाही तो उत्तम खपला. यावरून असे दिसते की, ग्राहकास मूळ वस्तूचे वावडे नव्हते. ती त्याच्या भाषेत व त्याच्या आटोक्यात नव्हती, एवढेच. कायदा नकलेस निषिद्ध ठरवितो. तिची गरज नाहीशी करणे हे विक्रेत्याचेच कार्य होय.